नमुना सही

हनोईत माझा पगार सहा कोटी आहे.
डोंगमध्ये. हे मी दुसऱ्या वाक्यात सांगते,
पहिल्या वाक्याची मजा घेऊन झाल्यावर.
कॉफी साठ हजार, बाइक-टॅक्सी तीस,
आणि महिनाअखेर मी तिथेही तशीच
जशी रावपुऱ्यात ट्यूशन घ्यायचे तेव्हा:
शून्यं झाकून उरलेला आकडा बघत.

सातवीला चक्रवाढ व्याज शिकवते.
पोरं विचारतात, मिस, तुम्ही कशात गुंतवता?
मी फळा पुसते.
शाळा घरभाडं देते, वीज देत नाही.
येण्याजाण्याचं तिकीट देते, वर्षातून एकदा,
आणि माणसं काही शाळेचं वेळापत्रक बघून आजारी पडत नाहीत.
पेन्शन नाही. करार दोन वर्षांचा.
माझी बी.एड.ची पदवी दिल्लीला जाऊन शिक्के घेऊन आली;
वकिलातीत माझ्याआधी तिची ओळख झाली.

म्हणून जुलै म्हणजे वडोदरा, आणि वडोदरा म्हणजे फाइल.
जैमिनभाई सीए, अलकापुरी, तिसरा मजला,
लिफ्ट बंद, चहा चालू.
"भारतमां केटला दिवस?" ते विचारतात, करासाठी.
"एकेचाळीस."
घरी आईही हेच विचारते. ती लिहून घेत नाही.

साधं खातं आता चालणार नाही म्हणे,
मी कायद्याने बाहेरची झाले,
तर खात्यालाही तसं सांगायला हवं.

बँक. टोकन चौऱ्याहत्तर.
पंचाल नावाचा मुलगा, माझ्या बारावीच्या पोरांहून फार मोठा नसावा,
पडदा माझ्याकडे वळवतो:
"बेन, सही मळती नथी."

पडद्यावर एकोणीसशे शहाण्णव.
मराठीत. सुनेत्रा ग. खोपकर.
ख इतका सैल की र वेगळा, व वेगळा.
रवोपकर, बाबा चिडवायचे,
खाली जोड की त्याला, पैसे गळतील मधून.

मी जोडला नाही. पुढे सहीच इंग्रजीत गेली,
भाडेकरारावर, व्हिसावर, पगाराच्या कागदावर
एस, आणि पुढे एक रेघ, कंटाळलेली.

आता रांगेतल्या एका आजोबांचं पेन मागून
पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर सराव.
पहिली फार नीट आली, कुणा दुसरीचीच.
दुसरीत ख खाली जोडला गेला.
हाताने बाबांचं ऐकलं,
एवढ्या वर्षांनी, आणि नेमकं आज.
पाचवी थोडी जवळ.
सहावी घाईत केली, मागून कुणीतरी
"जरा उतावळ करो ने" म्हणाल्यावर.
पंचालने ती मोठी करून पाहिली,
मान तिरकी केली, शिक्का मारला.

मग म्हणाला, आता नवी नमुना सही द्या, रोज जमेल अशी.
मी एस काढला. रेघ मारली.
"आणि जुनी? राहील ना आत कुठेतरी?"
"ना बेन, एना उपर आवी जशे."

स्लिप पर्समध्ये टाकली. सहा ख.

बाहेर शिरीष, स्कूटरवर. डिकीत माझं मुखत्यारपत्र.
कारेलीबागच्या फ्लॅटचा घरवेरा तोच भरतो,
भाडेकरूशी तोच भांडतो,
मला वर्षातून एकदा एकच आकडा सांगतो,
आणि आमच्या घरात पैशाबद्दल
याहून जास्त बोलायची पद्धत नाही.

सेव-उसळ खाल्ली, दोन प्लेट, वर पाव.
माझा परदेशी नंबर क्यूआरला चालेना.
त्याने दिले, एकशे चाळीस.
मी वही काढली, तीन रकान्यांची: डोंग, डॉलर, रुपये.
रुपयांखाली लिहिलं: शिरीष, १४०, देणे.

वाटलं, म्हणेल, अगं राहू दे.
त्याने वाकून वाचलं.
मिशीला लागलेली तर्री पुसत म्हणाला,
आईच्या चष्म्याचे पण लिही. सोळाशे.