सोपी वाट, साडेतीन मैल

फलकावर लिहिलेलं असतं :
मंगळवारी दहा वाजता, चर्चच्या फाटकापाशी.
सोपी वाट, साडेतीन मैल, कुंपणावरच्या पायऱ्या दोन.
चिखल असेल.
कुत्री चालतील, दोरीला बांधून.

मी आज चालायला आलेली नाही.
पॅरिशची कारकून मी. पिशवीत अकरा कोरे अर्ज,
एक मोजपट्टी आणि पेपरमिंटच्या गोळ्या.
खालच्या कुरणाचा नवा मालक म्हणतो
इथे वाट नव्हतीच कधी.
नकाशाही त्याच्याच बाजूचा.
तेव्हा वीस वर्षांचं चालणं
आता कागदावर उमटवायचं.

पुढे ग्वेन्डा ट्रँटर, काठी असून न टेकणारी.
मागे सिरिल बेव्हन,
ज्याला माणसांचं ऐकू येत नाही
आणि सुतारपक्ष्याचं बरोबर येतं.

पहिला अर्धा मैल पांदण.
दोन्हीकडची माती डोक्याच्या वर,
चाकांनी, खुरांनी, पाण्याने
वाटच खाली खाली घासत नेलेली.
एका उघड्या मुळावर कुणीतरी
लहान मुलाचा लाल हातमोजा टांगून ठेवलाय,
ज्याचा असेल त्याने न्यावा म्हणून.
गेल्या मंगळवारीही होता, डोरीन म्हणते.

मग कुरण.
ऊन तिरपं असलं तरच दिसतात
गवताखालचे सरी-वरंबे.
कित्येक शतकांत नांगर फिरलेला नाही इथे.
शेवटाला प्रत्येक वरंबा किंचित वाकतो :
आठ बैल वळवायचे तर
आधीपासूनच तिरकं व्हावं लागे,
ग्वेन्डा सांगते, आणि सांगता सांगता
स्वतःही तशीच तिरकी होत वळते.
गाव होतं म्हणे. घरं होती.
आता फक्त नेटलची दाट रानं,
माणसांनी सांडलेलं, टाकलेलं
अजून पुरवून खाणारी.

जंगलात हेझलची बुंध्यापासून तोडलेली खोडं,
आणि प्रत्येकातून दहा-बारा सरळ धुमारे.
इथेच ग्वेन्डाचा बाप ताट्या विणायचा.
ती डबा घेऊन यायची :
पाव, कांदा, गार चहाची बाटली.
रानलसणाचा वास तेव्हाही इतकाच होता का,
मी विचारत नाही. अर्जात तो रकाना नाही.

पडलेल्या ओकवर बसून अर्ज भरले.
कलम सात : वाटेचा वापर कशासाठी?
डोरीन हॅसल : कुत्र्यासाठी.
खाली बारीक अक्षरात : कुत्रा गेल्यावर, सवय.
सिरिल : पलीकडच्या शेतावर एक मुलगी होती.
कलम आठ : किती वेळा?
ती हो म्हणेपर्यंत रोज.
त्यानंतर रविवारी, दोघं.
आणि आता? मी जरा मोठ्यानेच विचारलं.
तो झाडाकडे बघत राहिला. सुतारपक्षी होता खरंच.

ग्वेन्डाने लिहिलं : पाय फुटले तेव्हापासून.
आकडा लागतो, मी म्हटलं.
ती चिडली. मग लिहिला, चौऱ्याहत्तर,
पेन कागदात रुतेल असा.

दुसरी पायरी नव्हती.
तिथे नवी कोरी काटेरी तार.
सगळे उभे राहिले, रांगेत, दुकानात राहतात तसे.
मग ग्वेन्डाने कोट काढला,
तारेवर घडी करून टाकला,
आणि माझ्याकडे पाहिलं.
मला तिथे पाय टाकायचा अधिकार नाही,
मी सरकारी कामावर आहे.
मी फक्त तार दाबून धरली.
नऊ माणसं आणि एक कुत्रा.
सिरिलला वेळ लागला.
त्याच्या बुटाचा चिखल माझ्या बाहीवर आला.

ते दिसेनासे झाल्यावर मोजपट्टी काढली.
लांबी जमली. रुंदीपाशी अडले.
एक माणूस, असं लिहिलं,
खोडून एक मीटर केलं.

त्यांच्यामागे आडवं झालेलं गवत
एकेक पातं करून उठत होतं.
जेवणवेळेपर्यंत काही राहिलं नसतं.
मी पिशवी खुंटाला अडकवली,
तार ओलांडली,
झाडांपर्यंत गेले आणि परत आले.

कोट तसाच होता तारेवर.
तो घेऊन मी गावात आले. त्याच्या खिशात
लाल हातमोजा होता, दुसरा,
डाव्या हाताचा.