जादा रक्कम

एकतीस वर्षं सातारा डेपोत कंडक्टर होतो.
माणूस पायरीवर पाय कसा ठेवतो
त्यावरनं कळायचं, तिकीट काढणार
की सीटवर टेकताच झोपेचं सोंग घेणार.
मिसरूड फुटलेल्या पोराचं वय
आई सांगायची, अकरा.
पोरगं खिडकीबाहेर बघत राहायचं.

आता यवतेश्वरच्या वर दोन खोल्या आहेत,
फंडाच्या पैशातून बांधलेल्या.
कासला फुलं आली की भरतात.

पहिल्या मोसमात विश्वासावर चाललो.
दोघं म्हणून लिहिलेलं, उतरले नऊ,
दहावा स्पीकर.
सकाळी गेले तेव्हा गीझर चालू, नळ चालू,
आणि कुकरची शिट्टी गायब.
कुकर नाही. शिट्टी.
शालन दोन दिवस विचारत होती,
नुसत्या शिट्टीचं माणूस करतो काय?

मग एकानं निघताना मोबाइलवर झुरळ दाखवलं.
म्हणाला, पैसे परत, नाहीतर एकच स्टार देतो.
झुरळ चांगलं लठ्ठ होतं, पण बसलं होतं
पांढऱ्याशुभ्र टाइलवर.
आमच्याकडे खाली-वर सगळी शहाबादी.
तरी दिले मी पैसे.
शालन त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून वही.
आधारची झेरॉक्स, दोन्ही बाजू.
अनामत दीड हजार, रोख.
डोकी मोजल्याशिवाय किल्ली नाही.
आणि पाहुणे यायच्या आधी खोलीचा व्हिडिओ,
चालता चालता मीच बोलतो त्यात:
हा आरसा, अख्खा. हा रिमोट, सेलसकट.
हे टॉवेल, चार, एकावर हळदीचा जुना डाग.
शालन दारातनं म्हणते, खून झालाय का इथं?
नवी शिट्टी माझ्या खिशात असते.
भात लावायचा असेल तर मागून घ्यायची.

त्या वर्षी नुकसान शून्य.
लोक म्हणायचे, काका कडक आहेत. बरं वाटायचं.

ऑक्टोबरात केरूरकर आले, इचलकरंजीचे.
जन्म मागावर गेलेला, कानाला कमी,
बायकोला फुलं दाखवायला आणलेलं,
फुलं तोवर संपलेली.
बाईंनी जाताना ओटा पुसला, चादरींच्या घड्या घातल्या.
मी मोजलं. टॉवेल तीन.
म्हणालो, अडीचशे कापावे लागतील.
त्यांनी हुज्जत घातली नाही
आणि मला तोच पुरावा वाटला;
पकडलेला फुकट्या असाच गप्प होतो.
बाई एवढंच म्हणाल्या,
मी वाळत घातला होता हो.

आठ दिवसांनी दरीच्या अंगाला,
करवंदीच्या जाळीत दिसला.
घाटातला वारा तो. हळदीचा डाग तसाच,
दोन्ही चिमटे अजून टॉवेलला धरून.

फोन मुलानं उचलला.
म्हणाला, राहू द्या काका, अडीचशेचं काय एवढं.
पण सापडला हे आईला सांगतो,
तिला वाटत होतं आपणच चुकून भरला,
तीनदा उपसली तिनं बॅग.

आमच्यात एक नियम होता.
आडरानात तपासणीची जीप गाडी थांबवायची,
साहेब पिशवी पालथी करून पैसे मोजायचे.
कमी भरले तर केस.
जास्त भरले तरी केस, तेवढीच.
नवीन असताना मला हसू यायचं:
जादा पैशांचा कसला गुन्हा?
एक म्हातारे तपासनीस म्हणाले होते,
अरे, हे कुणाचे तरी आहेत ना?
तो उतरून गेला कुठल्यातरी फाट्यावर.

वहीत टॉवेल परत चार केले.
अडीचशेला त्या वहीत रकाना नाही.
उद्या चौघांचं बुकिंग आहे, पिंपरीचे.
डोकी मोजणारच, त्यात बदल नाही.
फक्त कुणी शिट्टी मागितली
आणि खिशात हात घातला
की आधी त्या नोटा हाताला लागतात.