गार होईपर्यंत

चोपड्याच्या कॉलेजात चोवीस वर्षं
मी परीक्षानळ्या धुतोय.
कुठल्या नळीत काय बसून गेलं
ते काचेवरच्या कड्यावरून कळतं मला.

बडगुजर मॅडम तेव्हा नव्या होत्या.
वाव भर वायर, दोन पेन्सिलींची शिसं, नाइटलॅम्पचा बल्ब.
"डिस्टिल्ड वॉटरमध्ये आयन नसल्यात जमा," म्हणाल्या,
"बघा, बल्ब लागणार नाही."
लागला.
मिणमिणता, पण लागला.
मागचे बाक फिदीफिदी हसले.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
लेबल डिस्टिल्डचंच होतं,
आत आमची बोअर,
जिच्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नाही.

मॅडमनी मला काही विचारलं नाही.
त्याच पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला,
पाण्याचं ताक झालं.
"क्लोराइड," म्हणाल्या. "आता वहीत प्रश्न लिहा :
हे पाणी कुठून आलं?"
माझे कान तापले.

मार्चअखेर लेड आयोडाइड.
पाणी या वेळी खरं होतं,
गॅरेजातून बॅटरीचं आणलं होतं, माझ्या पैशानं.
उकळीत पिवळं सगळं विरलं,
फ्लास्क कोरा.
"आता गार होऊ द्या."
पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्री.
तास संपत आला, कण उतरेना.

मी बूच घट्ट केलं, फडक्यात गुंडाळलं
आणि मागच्या केळीत शिरलो.
ठिबकच्या नळीखाली, चिखलात फ्लास्क.
मागून यास्मिन पिंजारी आली, मग अख्खा वर्ग,
चपला हातात घेऊन.
एक टिकली उतरली.
मग दोन.
मग शालूच्या पदरासारखं सगळं पाणी.

बऱ्याच वेळानं यास्मिन म्हणाली, "थांबलं आता."
"थांबलं नाही," मॅडम म्हणाल्या,
"जेवढं बसतंय तेवढंच उठतंय. म्हणून दिसत नाही."
मला रात्रीची सुरतची गाडी आठवली,
भरून जाते, भरून येते.
"जे उठलं, तेच परत बसतं का मॅडम?"
मी विचारलं. पहिल्यांदाच, वर्गासमोर.
त्या जरा घुटमळल्या.
"तेच असं नाही, भिकनभाऊ. कोणीतरी बसतं."

माझा विलास दिवाळीलाही आला नव्हता.

संध्याकाळी बाटलीवरचं लेबल नखानं खरवडलं.
निम्मं निघालं,
निम्मं अजून आहे.