नुकसान खाते

बडोद्यात, मांडवीमागच्या एका गोदामात
मी मोडी वाचते. पानामागे अकरा रुपये.
वाळवीनं खाल्लेल्या ओळींचे पैसे मिळत नाहीत,
म्हणून वाळवीशी मी फार वेळ घालवत नाही.

सध्या टेंभेकरांची पेढी चालू आहे,
शके सतराशे त्र्याऐंशी.
कारकुनाचं नाव कुठंच नाही, पण हात ओळखीचा झालाय.
र-चा पाय लांब सोडतो,
महिनाअखेरीस शाई पातळ करतो,
कुणी मेलं की अक्षर बारीक.

कार्तिकात तो लिहितो:
"अमेरिका देशी भाऊबंदकी माजली.
दक्षिणचे मुलखास गुलाम ठेवणे आहे, उत्तरेस नाही.
तिकडील कापूस विलायतेस जाणे बंद.
आपला माल सोडू नये."

भाऊबंदकी.
सात समुद्रांपलीकडची तोफ
त्यानं बांधावरच्या, विहिरीवरच्या शब्दात बसवली,
आणि बसली.

पुढं खंडीचा भाव चढतो. चढतोच.
डभोई ते मियागाव रूळ पडतात.
इंजिनाचा उल्लेख नाही,
डबे ओढणाऱ्या बैलांच्या पेंडीचा आहे.
धाकट्या यजमानांच्या रथाला चांदीची धाव.

आणि मध्येच, एका म्हशीच्या खाली, तांब्याच्या हंड्याच्या वर:
"लवंगी, वय अदमासे नऊ. पोटास ठेविली.
रुपये बाबाशाही बावीस. किरकोळ."

पोटास ठेवलेल्या पोरीला बावीस रुपये कसे पडतात,
मी त्याला विचारलं.
तो पुढच्या ओळीत हंड्याचं वजन सांगतो.

लवंगी नंतर चार वेळा येते.
लुगडं एक, जाडंभरडं.
चरक्यात बोट सापडलं, हळद दोन पैशांची.
ताईसाहेबांस आंदण द्यावी की कसे, विचारणे.
(विचारलं की नाही, कळत नाही. वाळवी.)

शके सत्याऐंशी, ज्येष्ठ.
"अमेरिकेत दक्षिणचे हरले. गुलाम मोकळे झाले.
खंडी निम्म्याखाली."
अक्षर बारीक.
ही नोंद नुकसान खाती आहे.
मी तीनदा पाहिलं.
चाळीस लाख माणसं, नुकसान खाती.

त्याच पानाच्या तळाशी: लवंगी नागा.
दुसऱ्या दिवशी नागा. तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी जोंधळे अर्धा शेर शिल्लक,
मग ओळच नाही.

तिला कुणी मुद्दाम सांगितलं असेल असं वाटत नाही.
बातमी बैलांच्या डब्यातून आली, थेट माडीवर गेली.
पण भाव पडला तेव्हा माडीवर आरडाओरडा झाला असणार,
कुणाच्या तरी घशाला कोरड पडली असणार,
आणि तांब्या घेऊन दाराशी
कुणीतरी उभं असणारच.

संगणकावर एक रकाना आहे, नोंदीचा प्रकार.
माल, जनावर, जमीन, दागिना, व्यक्ती.
'व्यक्ती' निवडलं की यंत्र वडिलांचं नाव मागतं,
ते भरल्याशिवाय पुढं सोडत नाही.
साहेब म्हणाले, माल करा हो,
अजून एकशेवीस गाठोडी आहेत.

इथं गुजरातेत आम्हांला दक्षिणीच म्हणतात.
आजोबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं.
त्यांची आई, म्हणे, बराच वेळ
छडीकडे बघत राहिली,
मग म्हणाली, लिहा काहीतरी.
दक्षिणी लिहा.
पावतीवर मी अजून तीच सही करते.
तिकडे हरले तेही दक्षिणीच,
आणि मोकळे झाले ते कोण होते,
हे आमच्या घरात कुणी कधी काढलं नाही.

लवंगीच्या वडिलांच्या रकान्यात
मी 'नागा' लिहिलं.
यंत्रानं घेतलं.

सतरा पानं झाली आज.
वाळवीची दोन धरली नाहीत.