वाव

उदगीरच्या स्टेशनवर पिवळ्या पाटीवर लिहिलंय
समुद्रसपाटीपासून उंची.
पुढचा आकडा पानाच्या पिचकारीखाली गेला.
गावाचं आणि समुद्राचं नातं एवढंच:
आम्ही त्याच्या वर आहोत,
किती, ते वाचता येत नाही.

बीएस्सी दुसरं वर्ष. सागरविज्ञान घेणारे सात जण.
चौघांना दुसऱ्या विषयात जागा मिळाली नाही,
मुमताज तांबोळीला दुपार मोकळी हवी होती.
मी घेतलं, कारण नकाशात निळा भाग मोठा होता
आणि त्यात आमचे कुणी पाहुणे राहत नव्हते.

निडवंचे सरांनी फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली,
तिच्या दोन्ही अंगांना पाण्याचा फुगवटा काढला.
म्हणाले, ही भरती.
मागच्या बाकावरचा गुंडप्पा जागा झाला.
कोणत्या जिल्ह्याची, सर?
तो पहाटे पाचला मैदानावर सोळाशे मीटर पळून येतो,
तासाला त्याचे बूट अजून दवानं ओले असतात.
सर हसले नाहीत.
म्हणाले, हिची तारीख पुढं ढकलत नाहीत,
तेवढाच फरक.

प्रयोगशाळेच्या कपाटात समुद्र आहे,
एक लिटर.
लग्नानंतर सर गुहागरला गेले होते, तेव्हा
पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेला.
झाकणाशी पांढरी कड धरलीय. वर चिठ्ठी: सांडू नये.
परीक्षेला प्रत्येकाला दहा मिली मिळतात,
त्यामुळे कपाटात कायमची ओहोटी.
बाकी सगळा सराव टँकरच्या पाण्यावर.

ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं,
पिवळ्याचं विटकरी होईस्तोवर नजर हलवायची नाही.
क्षारता हजारात पस्तीस यायला हवी.
आमच्या गल्लीतल्या बोअरची दीड आली.
मुमताज म्हणाली, चला,
सुरुवात तर झाली.

निलंग्याची आत्या विचारते, काय शिकायलीस?
समुद्र, म्हटल्यावर तिची चाळण थांबते.
वाव हाय का गं त्येला पुढं?
मी सांगते: आधी ही पदवी, मग एमएस्सी,
गोव्याला नाहीतर कोचीला,
मग महिना महिना जहाजावर.
सांगताना आवाज माझ्या ओळखीचा राहत नाही.
जहाजावर बाथरूम असतंय का? आत्या विचारते.
असेल.
एवढ्या जाड पुस्तकात नेमकं हेच नाही.

अप्पांचं मोटर वाइंडिंगचं दुकान.
रविवारी त्यांच्या मागं स्कूटरवर बसून
मी शेल्हाळच्या शिवारात गेले,
पंप उतरवायच्या आधी पाणी किती खोल ते बघायला.
त्यांनी दोराला लोखंडी नट बांधला, बोअरमध्ये सोडला,
कान लावला,
मग वर ओढून मोजायला घेतला.
दोन्ही हात पसरायचे, दोर छातीवरून सरकवायचा,
एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंत एक वाव.
दोन वाव. तीन.
खोकला आला की आकडा धरून ठेवायचा.

मी म्हटलं, अप्पा, पुस्तकात आहे हे.
खलाशी असंच मोजायचे, हात पसरून.
त्यांना फॅदम म्हणतात.
त्यांनी मान हलवली, आकडा मोडू नये इतपतच.
बाविसाव्या वावेला ओला दोर लागला.
बोटांनी चाचपून खात्री केली.

मग विचारलं,
तुमच्याकडं सगळ्यात खोल किती?

तुमच्याकडं, म्हणाले.
जणू मी तिकडचीच.

सहा हजार वाव, मी म्हटलं. पॅसिफिकमध्ये, एका खाचेत.

अप्पांनी हात खाली घेतले नाहीत.
पसरलेलेच राहिले, दोर दोन्ही मुठींत,
डोक्यात कसलातरी हिशेब चाललेला.
पलीकडं कुणाच्यातरी मोबाइलवर क्रिकेट लागलं होतं.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
एवढा दोर एका जागी मिळायचा नाही.
गाठी माराव्या लागतील.