त्रिकोण

पोटॅश कंपनीच्या सातव्या मजल्यावर
बैठकीच्या खोलीला क्री भाषेतलं नाव दिलं.
नारिंगी शर्ट, फीत, केक, टाळ्या.
हिशेबखात्यातली डेलफीन मागे उभी,
दाराकडे बघत.

त्यांच्या लिपीत काना-मात्रा नाही,
स्वर बदलायला अख्खं अक्षरच वळतं.
इथे एक पितळी त्रिकोण
टोक खाली करून ठोकलेला.

ही अक्षरं पाटीवर काढली म्हणून
तिच्या आत्याच्या तळहातावर
निवासी शाळेत पट्टी बसायची,
उभी.

"छान झालंय ना?" साहेब म्हणाले.
"स्क्रूड्रायव्हर आहे?" डेलफीन.

नव्हता.
तिने केकची सुरी घेतली,
क्रीम शर्टाला पुसलं.
पहिला स्क्रू ढिला झाला तेव्हा
साहेबांनी, कुणी न सांगता,
तळहात पुढे केला.