बोरा सुटलेल्या दिवशी, त्रिएस्ते

ओंदिना काचेचा ठोकळा उजेडाकडे धरते.
केसाहून बारीक पोकळ नळ्या, हजारो,
एकमेकींना चिकटून.
"मधाचं पोळं," मी म्हणतो.
"माश्या इतक्या सरळ नसतात," ती.

क्ष-किरण आत शिरतो,
भिंतीला जेमतेम शिवत पुढे निसटतो.
तिरपे घुसलेले काचेतच विझतात.
चित्र गढूळ करतात ते हेच,
भलतीकडून येऊन भलतंच सांगणारे.

बाहेर बोरा वारा.
चढावर दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून.

दुपारी नेरीना आली. मासळीबाजारातली, एकसष्ट वर्षांची.
मागच्या चित्रात नुसतं धुकं होतं.
"काही असेल, नसेलही," असं लिहून दिलं होतं कुणी.
त्या 'नसेलही'वर तिने अकरा महिने काढले.

"पट्टी गार लागेल."
"जन्म बर्फात गेलाय, पोरी. दाब."

पडद्यावर मिठाचे कण. पांढरे, टोकदार.
ओंदिना मोजते. सात.
पुन्हा मोजते.
यंत्र जिंकलं, आणि आम्ही दोघं गप्प.

नेरीना कोटाची बटणं लावतेय.
"दिसलं?"
"दिसलं."
"मग नीट सांग.
दोर धरधरून आलेय मी."